नवा पत्ता आला की कुणाला काढणार?

साठपत्ती, फोंडा
पोकेमॉनच्या पत्त्यांच्या खेळात नव्या सेटचे पत्ते दिसू लागले की आपल्यात लगेच दहापैकी गुण वाटणं सुरू होतं. माझ्या मते त्या गुणांना काडीचा अर्थ नाही. डेक, म्हणजे आपण खेळायला रचलेली गड्डी, मोजून 60 पत्त्यांचा. नवा आत आला की जुना एक बाहेर. म्हणून आधी विचारा, काढणार कुणाला?

चूक माझीच सांगतो. 2023 मध्ये चारिझार्ड ईएक्स (दोनदा इव्हॉल्व्ह करून, म्हणजे खालच्या पत्त्यावर वरचा ठेवत, गाठायचा पत्ता) आला तेव्हा ‘दुसऱ्या स्टेजपर्यंत कोण थांबतोय’ म्हणून मी तो सोडला. मार 180, बस्स, एवढंच दिसलं. पण तो इव्हॉल्व्ह झाला की डेकमधून तीन फायर एनर्जी (हल्ल्याला लागणारे पत्ते) काढून जोडता येतात, आणि समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे (आपला पोकेमॉन पाडला की त्याला मिळणारा पत्ता; सगळे घेतले की तो जिंकला) मार 30 ने वाढतो. म्हणजे चार प्राइझ घेऊन जिंकत आलेल्या माणसाला थेट 300! सगळं पत्त्यावरच छापलेलं होतं मरे, मी पहिला आकडा बघून पुढे गेलो.

उंडो-भाजी, म्हापसा
तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतोय. ‘कुणाला काढणार’ असं विचारून तुम्हाला चारिझार्ड कधीच मिळाला नसता, कारण तो कुणाच्या जागी येत नाही. त्याच सेटमधला पिजॉट ईएक्स दर टर्नला डेकमधला हवा तो एक पत्ता हातात देतो. तो, मधली स्टेज गाळू देणारी रेअर कँडी आणि बाकीचं बिऱ्हाड, असा अख्खा डेक नव्याने मांडावा लागतो. तुमचा प्रश्न जमलेल्या डेकला ठीक.

आणि वाचून सगळं कळतं म्हणता? मॅजिक या दुसऱ्या पत्त्यांच्या खेळातला 2004 चा स्कलक्लॅम्प आठवा. तो अडकवलेल्या क्रीचरला (लढणाऱ्या पत्त्याला) पॉवर, म्हणजे मार, एक जास्त; टफनेस, म्हणजे मार सोसण्याची ताकद, एक कमी. वाचताना ते ‘एक कमी’ दंडासारखं वाटतं. प्रत्यक्षात एक टफनेसवाल्या क्रीचरला तो एक माना (पत्ते वापरायला मोजायची शक्ती) देऊन अडकवला की ते मरतं आणि तुम्ही दोन पत्ते उचलता. पुन्हा दुसऱ्याला अडकवा, आणखी दोन. हे बनवणाऱ्यांच्याही नजरेतून निसटलं आणि त्याच वर्षी तो स्टँडर्डमध्ये (अलीकडच्या सेटच्या पत्त्यांनी खेळायच्या स्पर्धाप्रकारात) बॅन करावा लागला. तेव्हा नव्या पत्त्याची झेरॉक्स काढा, स्लीव्हमध्ये सरकवा आणि वीस डाव खेळा.

साठपत्ती
वीस डाव कुणाशी? पणजीत रविवारी आम्ही सहाजण, त्यात दोघांचा डेक एकच. पावसात तर चौघे जमले तरी नशीब. त्या टेबलावर चाललेला पत्ता बाहेरच्या मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत आपटतो, हे मी तिकीट काढून शिकलोय.

मडगावची आई
पण मोठ्या स्पर्धेला जातंय कोण? माझ्या मुलाला त्या सहांपैकी पाचांना हरवायचंय. टेबलावर तिघे फायर खेळत असतील तर, फायरवर वॉटर भारी पडतं म्हणून, त्याच्यासाठी वॉटरचा साधा पत्तासुद्धा सोन्याचा. बाहेर कुणी त्याला किती गुण दिले, त्याचं आम्ही काय करू?

शिवाय घाई नको. मॅजिकचा ओको हा पत्ता 2019 च्या ऑक्टोबरात आला आणि नोव्हेंबरात स्टँडर्डमध्ये बॅन झाला. पहिल्याच आठवड्यात चार-चार घेऊन बसलेल्यांचं काय झालं असेल!

जाता जाता: गोव्यात फॉइल (चकचकीत छापलेले पत्ते) घेऊ नका. जूनमध्ये आमच्याकडे एक पत्ता पापडासारखा वळला. डेकमध्ये ठेवला तर न उलटता कळतं कुठला आहे, म्हणजे तो मार्क्ड (खूण केलेला) ठरतो. स्पर्धेत तसा चालत नाही. दोन दिवस डिक्शनरीखाली दाबून ठेवला, तरी पुन्हा वळला.

उंडो-भाजी
फॉइलचं शंभर टक्के खरं. पण ताई, त्या तिघांनी डेक बदलला की तुमचं वॉटरचं सोनं कपाटात. टेबल जेवढं लहान तेवढं लवकर बदलतं.

साठपत्ती, रविवारी झेरॉक्स घेऊन येतो. तुम्ही मात्र कुठला पत्ता काढणार ते आधीच कागदावर लिहून द्या. डाव संपल्यावर ‘मी म्हटलंच होतं’ चालणार नाही.

साठपत्ती
देतो. पाऊस नसला तर.