वाईचे वाडे: उतरवून नवीन बांधणं हाच उपाय आहे का?

कडीपाट:
गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, धर्मपुरी, गंगापुरी. कृष्णेच्या घाटांना लागून असलेल्या या आळ्यांतले जुने वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: वाडा जुना झाला. मला हे मान्य नाही. सागवानी वाड्याला दीडशे-दोनशे वर्षं हे काही मरणाचं वय नव्हे. वाडा मोडतो तो वाटणीत.

वाड्याची रचना आठवा. घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडे (खांबाखालचे दगड), तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर हस्त (खांबाच्या माथ्यावरचा लाकडी आधार), हस्तावर तुळई (मोठं आडवं लाकूड), तुळईवर कड्या (लहान आडवी लाकडं) आणि वर पाट (फळ्या). चांगल्या वाड्यात भार हा सांगाडा घेतो आणि भिंती बऱ्याचशा भरावाच्या असतात. चौकाच्या चारही बाजू एकमेकींना धरून उभ्या राहतात. आता चार भावांत वाटणी होते ती खणांच्या, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांच्या, हिशेबाने. एकाने आपले पाच खण उतरवले की दोन-तीन खांबांवरून सलग गेलेली तुळई मधेच कापली जाते आणि उरलेल्या भागाचा एका बाजूचा आधार जातो. त्याहून वाईट म्हणजे मधली भिंत उघडी पडते. ती आतली भिंत म्हणून पांढऱ्या मातीत बांधलेली, तिला पाऊस झेलायची सोय कधी केलेलीच नसते. महाबळेश्वराच्या डोंगराकडून येणारी पावसाची झड तिच्या पायाशी माती धुऊन नेते. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचं पोट फुगतं आणि मग उरलेल्या तीन भावांना धोकादायक इमारतीची नोटीस येते.

उलट उदाहरण गावाबाहेर लगेचच आहे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकांसकट उभा आहे. नानांना मागे मुलगा नव्हता. वाडा त्यांच्या पत्नी जिऊबाईंकडे आणि पुढे दत्तकाच्या एकाच वंशाकडे गेला, त्याचे तुकडे पडले नाहीत. वाईच्या रास्ते सरदारांचं तसं नाही. वेळणेश्वरचे हे मूळचे गोखले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या घरातल्या, १७६२ सालचं ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांचं. एवढं मोठं घराणं, पण शाखा अनेक, आणि शाखा वाढल्या की वास्तूही विभागल्या जातात.

म्हणून माझं मत: वाड्याचे हिस्से कागदावर करा, भिंती घालून करू नका. छप्पर, सांगाडा, चौक आणि पाण्याच्या वाटा सामाईक राहिल्या तर वाडा दुरुस्तीने टिकतो.

नकाशावाचक:
असहमत. तुम्ही सरदारी वाड्याचं गणित सगळ्या आळीला लावताय. भिक्षुकाचा किंवा छोट्या व्यापाऱ्याचा एकचौकी वाडा पाहा. खाली चार बाजूंना सागवानी खांब असतात, पण वरच्या मजल्यावर किंजळ-जांभळीसारखं लाकूड आणि कड्यांची टोकं थेट मातीच्या भिंतीत. तिथे भिंत भार घेते. ती गेली की मजला गेला.

मेणवलीची तुलनाही बरोबर नाही. तो तटबंदीच्या आत, स्वतःच्या जागेत उभा आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची सामाईक भिंत असलेल्या आळीतल्या घराचं दुखणं त्याला कधी झालंच नाही.

आणि पूर? ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी जावं म्हणून. ती दगडाची आहे. तिच्यामागच्या घरांच्या भिंती मातीच्या आहेत. मातीची भिंत पाणी असेपर्यंत पुष्कळदा तग धरते आणि पाणी ओसरल्यावर पडते, कारण आत मुरलेलं पाणी बाहेरून टेकू देणारं पाणी गेल्यावर तिला ढकलतं. वर धोम धरण आहे, साडेतेरा टीएमसीचं. धरण झालं म्हणून पूर संपला असं समजू नये. ऑगस्टअखेर ते भरलेलं असताना वर जोराचा पाऊस झाला तर पाणी सोडावंच लागतं, आणि धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी त्यात मिळतंच.

स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये सी-१ शेरा आला असेल, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी इमारत, तर तिथे वारशाचा वाद घालणं माणसांच्या जिवाशी खेळणं आहे. नवीन बांधा, जोतं उंच घ्या, आरसीसी करा.

कडीपाट:
सी-१ बद्दल वाद नाहीच. वाद आहे तो शेरा कसा दिला जातो याचा. रिबाउंड हॅमर हे काँक्रीटचं साधन आहे. ते मातीच्या भिंतीवर आणि सागावर चालवून काय कळणार? वाड्याची तपासणी वेगळी असते:

ओळंबा सोडून भिंत किती कलली आहे ते मोजायचं. जाडीच्या एक तृतीयांशाच्या पुढे कल गेला असेल तर ती उतरवायचीच. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक डाभणाने टोचून बघायचं, कारण कुजतं ते तिथेच. मधला भाग ठणठणीत आणि शेवटची नऊ-दहा इंच भुसा, हे नेहमीचं चित्र. खांबाचा पाय तळखड्यावर आहे की कुणीतरी फरशी घालताना सिमेंटमध्ये गाडला आहे तेही पाहायचं. गाडलेला पाय खालून ओल ओढतो.

टोक कुजलेली तुळई फेकून द्यायची गरज नसते. आधी टेकू. टेकू फक्त त्या मजल्यावर लावून चालत नाही, खालच्या प्रत्येक मजल्यावर त्याच रेषेत जमिनीपर्यंत जायला हवा, नाहीतर भार खालच्या कड्यांवर येतो. बसलेली तुळई उचलायची तर रोज दोन-तीन मिलिमीटर, घाई केली की वरच्या भिंतीला तिरकी चीर जाते. मग कुजका भाग निरोगी लाकडात फूटभर आत जाईपर्यंत कापायचा आणि जुन्या, सुकलेल्या सागाचा जोड तिरक्या सांध्याने द्यायचा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट-चौपट. गंज न धरणारे बोल्ट, दोन्हीकडे रुंद चकत्या. भिंतीत टोक बसवताना भोवती इंचभर हवा खेळती ठेवायची. ती पोकळी सिमेंटने बुजवली की काही वर्षांत सगळं परत पहिल्यापासून.

राहिला पुराचा मुद्दा. नदीकाठच्या नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पाडलेलं घर पुन्हा बांधायला पाटबंधारे खात्याचा ना हरकत दाखला लागतो आणि राहण्याची पातळी लाल रेषेच्या वर न्यावी लागते. शिवाय रस्तारुंदी आणि सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा. घाटालगतच्या अरुंद जागेवर हे सगळं सोडून उरतं किती, ते पाडण्याआधी नकाशावर मांडा. पाडून बसलेल्या मोकळ्या जागा आळ्यांत दिसतात त्या यामुळेच.

चुनाघाणी:
दोघांनाही एक सांगायचं आहे. 'दुरुस्ती' या नावाखाली जे होतं त्यानेही वाडे जातात.

पहिला गुन्हेगार सिमेंटचा गिलावा. जोत्यातून ओल वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती हवेत निघून जाते. सिमेंटने तोंड बंद केलं की तीन फुटांवर थांबणारी ओल सहा फुटांवर जाते, थेट कड्यांच्या टोकांपर्यंत. वरून भिंत कोरडी दिसते, आत माती चिखल झालेली असते.

चुना वापरायचा तर नीट वापरा. कळीचा चुना विझवून, गाळून, निवळीखाली (वर साचलेल्या स्वच्छ पाण्याखाली) किमान तीन आठवडे मुरू द्या. एक भाग चुना, एक भाग सुरकी (भाजक्या विटांची भुकटी), दोन भाग धुतलेली वाळू. नदीकाठी ओल आहे, म्हणून सुरकी हवीच, ती ओलीतही चुन्याला धरायला लावते. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात ते ठीक, पण गूळ जास्त झाला तर गिलावा वाळायला फार वेळ घेतो. एका थराची जाडी दहा-बारा मिलिमीटरपेक्षा नको. पहिला थर धरल्याशिवाय दुसरा नाही. आठ-दहा दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या भिंतीवर केलेला गिलावा चिरा पडून निघतो आणि पावसाळ्यात तर चुन्याचं काम करूच नये. दिवाळी ते होळी हा खरा काळ.

दुसरा गुन्हा चौकात. दगडी फरसबंदीवर टाइल घालून चौक दोन-तीन इंच उंच करतात, मोरीची जुनी वाट बुजते आणि चौकाचं पाणी ओसरीच्या जोत्यात मुरतं.

तिसरी गोष्ट वाळवीची. भोकं पाडून औषध भरणारे लोक येतात. ज्या वाड्यात वापरातला आड आहे किंवा परसू थेट घाटावर उतरतं, तिथे जमिनीत ते रसायन सोडू नका. पाण्यात जातं. लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण लावा आणि आधी ओल तोडा. कोरड्या लाकडाकडे वाळवी सहसा फिरकत नाही.

वारसनोंद:
कडीपाट यांच्या सूचनेतली अडचण कायद्याची आहे. हिस्से कागदावर ठेवायचे म्हणून अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र करा असं काहीजण सुचवतात. तो १९७० चा कायदा पाच किंवा अधिक सदनिकांच्या इमारतीसाठी आहे. तीन भावांच्या वाड्याला तो लागू होत नाही.

व्यवहार्य मार्ग असा. आधी सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका काढा. पुष्कळ ठिकाणी तिच्यावर अजून पणजोबांचं नाव असतं. प्रत्येक पिढीची वारसनोंद क्रमाने करावी लागते. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, तेव्हा लग्न होऊन गेलेल्या आत्या-बहिणींच्या सह्यांशिवाय केलेलं वाटणीपत्र पुढे कोर्टात टिकत नाही. त्यानंतर नोंदणीकृत कौटुंबिक व्यवस्थापत्र करा आणि त्यात तीन कलमं स्पष्ट लिहा: छप्पर व सांगाडा अविभाज्य, दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा, आणि हिस्सा विकायचा तर आधी भावकीला.

शेवटच्या कलमाला कायद्याचाही आधार आहे. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने विकत घेतला तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरात येऊन एकत्र राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याचं कलम ४ घरच्यांना तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीला घेऊ देतं. बिल्डरने एका भावाचा हिस्सा घेतला म्हणजे वाडा गेला, असं समजून बाकीचे घाईने सह्या करतात. ती घाई अनाठायी आहे.

जुने भाडेकरू असतील तर त्यांचा हक्क १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली राहतो. त्यांना वगळून केलेला कोणताही आराखडा अडकतो.

आळीकर:
सगळं वाचलं. यात वाड्यात रोज राहणाऱ्याचा विचार कुठे आहे? हिस्सेदार पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत. त्यांना वाडा हवा आहे, खर्च नको आहे. गळणाऱ्या माजघरात भांडी मांडून राहते ती मागे राहिलेली एखादी काकू. कौलं चाळायला माणूस मिळत नाही, चुन्याचा गवंडी तर बाहेरून आणावा लागतो. शौचकूप परसात, जिने उभे, अंधारे. गुडघे गेलेल्या माणसाला हे घर म्हणजे शिक्षा आहे. नवीन बांधकामात तिला स्वतःचं न्हाणीघर आणि लिफ्ट मिळत असेल तर तिने ते का नाकारावं? कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटावर होतो तो आळीत माणसं राहतात म्हणून. रिकामे वाडे जपून उत्सव होत नाहीत. माझ्या मते निर्णयाचा पहिला हक्क जो राहतो त्याचा.

कडीपाट:
शेवटचं वाक्य पूर्ण मान्य. म्हणूनच खर्चाचा क्रम बदला. लोक आधी गिलावा आणि रंग करतात कारण तो दिसतो. पहिला पैसा छपरावर जायला हवा. मंगलोरी कौलांना दर शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं धरा, फुटतूट धरून. रिपांमधलं (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर कौलाच्या खाचेप्रमाणे, सुमारे साडेबारा इंच. ते चुकलं की कौल बसल्यासारखं दिसतं आणि झडीत गळतं. मग पन्हळ आणि पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून दूर. नंतर तुळयांची टोकं. गिलावा सगळ्यात शेवटी.

न्हाणीघर कडीपाटावर, वरच्या मजल्यावर घेऊ नका. कितीही वॉटरप्रूफिंग केलं तरी लाकडी तक्तपोशी हलते आणि सांधा फुटतो. तळमजल्यावर परसाकडच्या पडवीत घ्या, स्वतंत्र जोत्यावर, वाड्याच्या भिंतीला न चिकटवता. काकूंची झोपायची खोली त्याच पडवीला लागून. हे नवीन इमारतीच्या मानाने फार कमी खर्चात होतं.

नकाशावाचक:
पडवीचा तोडगा चांगला आहे. पण ज्या वाड्याची वरच्या मजल्याची भिंत एक तृतीयांशाच्या पुढे कलली आहे आणि हिस्सेदार पैसे काढत नाहीत, तिथे मी अजूनही उतरवा असंच सांगेन. तेव्हा निदान उतरवायचं कसं ते लिहितो, कारण शेजारचा वाडा त्यातच मरतो.

जेसीबी लावू नका. वरून खाली या: कौलं, वासे, पाट, कड्या, तुळया, मग खांब. प्रत्येक लाकडावर खण आणि मजल्याचा क्रमांक रंगवा, साग पुन्हा वापरता येतो आणि विकला तरी भाव नीट येतो. शेजाऱ्याच्या कड्या सामाईक भिंतीत कुठवर आल्या आहेत ते आधी त्याच्या घरात जाऊन मोजा. भिंत उतरवण्याआधी त्याच्या बाजूने खालपर्यंत टेकू द्या. उघड्या पडणाऱ्या भिंतीला लगेच चुन्याचा गिलावा आणि माथ्यावर दोन्ही बाजूंना फूटभर बाहेर येणारा उतरता पत्रा. हे काम मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत संपत नसेल तर ते दिवाळीनंतर सुरू करा.