मक्याच्या प्रथिनावर पेशी वाढल्या म्हणून कोलॅजनचे दिवस संपले?

पेशीवाली
काल इथे 'गोदाकाठ' यांनी लिहिलं की मक्यातल्या झेइन या प्रथिनावर माणसाच्या पेशी चिकटतात, वाढतात, म्हणून जखमेवर गुराचं कोलॅजन, म्हणजे कातडी-हाडांतलं प्रथिन, लावायचे दिवस संपले. जे अजून लावतात ते कंपन्यांचे हस्तक. हे शेवटचं वाचून डोकं फिरलं. माझं रोजचं काम पेशी वाढवण्याचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पेशीच्या अंगावर इंटेग्रिन नावाची, आजूबाजूला धरून ठेवणारी प्रथिनं असतात आणि त्यांना धरायला ठरावीक जागा लागते. फायब्रोनेक्टिन या रक्तातल्या प्रथिनातली अशी जागा, आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांची, १९८४ मध्ये सापडली. कोलॅजनमध्येही पेशींना धरायच्या जागा असतात, कारण शरीरात त्याचं कामच पेशींना आधार देण्याचं. झेइन हे दाण्यातलं साठवणीचं प्रथिन, कोंबाला नायट्रोजन पुरवणारं. मग प्लेटमध्ये त्यावर पेशी बसतात कशा? पेशी वाढवायच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, बहुधा १० टक्के सीरम असतं, वासराच्या गर्भाच्या रक्तातून काढलेलं. त्यातलं फायब्रोनेक्टिन आणि तसंच दुसरं प्रथिन व्हिट्रोनेक्टिन आधी झेइनवर बसतं, आणि पेशी त्याला धरते. अशा प्रयोगावरून 'प्राण्यांची गरज संपली' असं कसं म्हणता?

गोदाकाठ
ताई, सीरमशिवायची माध्यमं आता विकत मिळतात. व्हिट्रोनेक्टिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं. तुम्ही म्हणता ती तीन आम्लांची जागासुद्धा रसायनाने झेइनला जोडता येते. मग अडलं कुठे? इस्रायलच्या टेक्निऑनमधल्या गटाने २०२० मध्ये सोयाच्या सच्छिद्र सांगाड्यावर गाईच्या स्नायूपेशी वाढवून दाखवल्या. गुरांच्या कोलॅजनला मॅड काऊ या गुरांच्या मेंदूच्या रोगाची भीती, जनावर कुठल्या देशातलं, कुठल्या कळपातलं हे तपासत बसावं लागतं. मक्याला ती भानगड नाही.

पेशीवाली
टेक्निऑनचं काम उत्तम आहे, पण ते खायचं मांस बनवण्यासाठी. तो तुकडा शिजवून पोटात जाणार. जखमेवरचा पापुद्रा उघड्या मांसावर दिवसेंदिवस राहणार, आणि मक्याची, गव्हाची प्रथिनं काहींच्या शरीराला सोसत नाहीत, हेही बघावं लागणार.

झेइन नुसत्या पाण्यात विरघळत नाही, ७०-८० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळतं. इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे विजेच्या दाबाने द्रावण ओढून, त्याचे धागे सुरेख निघतात. तेच जाळं ३७ अंशांवर ओलं ठेवलं की धागे फुगून एकमेकांत मिसळतात, छिद्रं बुजतात आणि पेशी वरवरच राहतात. म्हणून क्रॉसलिंक करायचं, म्हणजे प्रथिनाचे रेणू एकमेकांना बांधायचे. ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने केलं आणि ते थोडं उरलं तरी पेशी मरतात. सायट्रिक आम्लाने करतात ते मला पटतं. खरी मेहनत इथे आहे, आणि तुमच्या पोस्टमध्ये तिचा उल्लेखही नाही.

येवलेकर
त्या पोस्टमध्ये 'नाशिकच्या मक्याचं सोनं होणार' असंही होतं. स्टार्चच्या कारखान्यात मका भिजवून स्टार्च काढला की ग्लुटेन मील उरतं, साठेक टक्के प्रथिनाचं. झेइन त्यातूनच निघतं. आज ते कोंबडीखाद्यात जातं. २०२५-२६ चा हमीभाव २४०० जाहीर झाला आणि माझा मका ओलाव्याच्या नावाखाली त्याच्या कितीतरी खाली घेतला. झेइन कितीही महाग विकलं गेलं तरी माझ्या हातात क्विंटलचाच भाव पडणार. आमच्या नावाने सोनं लिहू नका.

माळकरी
माझा प्रश्न वेगळा आहे. वडिलांना साखर, पायाला जखम. नाशिकमधल्याच एका रुग्णालयात कोलॅजनचं ड्रेसिंग लावलं. जखम भरली, त्याबद्दल तक्रार नाही. घरी आल्यावर वेष्टन वाचलं तर गुरांपासूनचं. वडील माळकरी, पौषात त्र्यंबकची वारी कधी चुकवली नाही. कळल्यावर त्यांनी गळ्यातली माळ उतरवून देव्हाऱ्यात ठेवली आणि जेवले नाहीत. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका लागतो. माणसाच्या अंगावर लावायच्या वस्तूबद्दल कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

पंचवटीची सिस्टर
दादा, वडिलांचं वाईट वाटलं. पण वॉर्डात काय काय विचारायचं? रक्त गोठू न देणारं हेपरिन डुकराच्या आतड्यातून येतं. कॅप्सूलचं जिलेटिन जनावराचं. पाय सडत असताना ही चर्चा काढली तर आधी पाय जातो, मग माणूस. मी ते पाहिलंय.

माळकरी
ही भीती घालूनच प्रत्येक वेळी गप्प बसवतात! हेपरिन तातडीचं असेल, मान्य. ड्रेसिंग आदल्या दिवशी ठरलं होतं, मला मेडिकलमधून आणायला चिठ्ठी दिली होती. तेव्हा एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? माशाच्या कोलॅजनचंही ड्रेसिंग मिळतं. तेही त्यांना चाललं नसतं कदाचित. कदाचित पायासाठी ते गुराच्यालाही हो म्हणाले असते. पण ते त्यांनी ठरवायचं होतं.

पंचवटीची सिस्टर
आधी ठरलेल्या ड्रेसिंगला विचारता येतं, तेवढं तुमचं बरोबर. पण सगळा राग आमच्यावर नको. आम्हाला तरी कुठे कोणी सांगतं?

गोदाकाठ
मग मी दुसरं काय म्हणत होतो? अशा माणसांसाठीच वनस्पतीचं हवं.

पेशीवाली
हवंच आहे. माझा विरोध कधीच नव्हता. पण माळकरी दादांच्या वडिलांच्या पायावर अर्धवट तपासलेला पापुद्रा लावून तो चिघळला, तर पुढची वीस वर्षं कोणी वनस्पतीचं नाव काढणार नाही. आणि 'हस्तक' हा शब्द काढा.

गोदाकाठ
शब्द काढला. बाकीची पोस्ट राहील.

पेशीवाली
राहू द्या, पण खाली लिहा की पेशी चिकटल्या त्या सीरम असताना.

माळकरी
तुमचं चालू द्या. वेष्टनावर ठळक खूण हवी, यासाठी अर्ज कुठे करायचा तेवढं कोणी सांगा.

पंचवटीची सिस्टर
ड्रेसिंग २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत येतं. दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रकांना लिहा, प्रत इथल्या अन्न व औषध प्रशासनाला. मसुदा केलात तर माझीही सही घ्या.