सुंगटं (कोळंबी) भरलेली वांगी, मिरच्या, दोडकी : तुमची पद्धत लिहा

देठासकट अर्धं वांगं, त्यात सुंगटांचं सारण, वरून उंड्याचा (गोव्यातल्या गोल पावाचा) चुरा लावून लालसर भाजलेलं. गोव्यातल्या जुन्या पार्टीच्या टेबलावरचा हा पदार्थ आता फारसा दिसत नाही. घरी नेमाने करणाऱ्यांनी आपल्या गावाच्या नावाने इथे लिहावं. नुसतं ‘छान लागतं’ नको. माप द्या, वेळ द्या, कुठे बिघडतं आणि का तेही सांगा. भाजी वांगंच हवी असं नाही.

मडगाव
साधारण 400 ग्रॅमची दोन आगशी गावची वांगी. देठ न काढता उभी चिरा, म्हणजे शिजल्यावर उचलताना सालीची वाटी मोडत नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात चिरलेली बाजू खाली करून 6–7 मिनिटं ठेवा. सुरीचं टोक गरात सहज जावं, पण सालीपाशी अडावं. त्याच्यापुढे शिजवलं तर गर काढताना साल फाटतेच. अर्धा सेंटिमीटर गर सालीला राहू द्या, बाकीचा चमच्याने काढून बारीक चिरा. रिकाम्या वाट्या चाळणीत 20 मिनिटं पालथ्या घाला. घाईत ही पायरी गाळली की वाटीच्या तळाशी पाणी साचतं आणि वरचा थर कितीही खमंग झाला तरी खालचं सारण लिबलिबीत राहतं.

सुंगटं सोललेली पाव किलो. त्यासाठी डोक्यासालीसकट जवळजवळ अर्धा किलो आणावी लागतात. पाठीतला काळा दोरा काढा, चण्याएवढे तुकडे करा. डोकी आणि सालं फेकू नका: कपभर पाण्यात 10 मिनिटं उकळा, गाळा आणि त्या पाण्यात एका शिळ्या उंड्याचा मगज (आतला मऊ भाग) भिजवून घट्ट पिळून घ्या. चव खरी तिथून येते.

आता दोन कांदे बारीक चिरून तेलावर मऊ करा. इंचभर आलं, सहा लसूणपाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, मग एक टोमॅटो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटलं की वांग्याचा गर घालून कढईचा तळ कोरडा दिसेपर्यंत परता. मग पिळलेला पाव, मीठ, मिरपूड आणि सगळ्यात शेवटी सुंगटं. ती घातल्यावर एकच मिनिट परतून गॅस बंद. सारण कोमट झालं की एक फेटलेलं अंडं मिसळा. गरम सारणात अंडं घातलं तर त्याची भुर्जी होते आणि सारण बांधलं जात नाही.

वाट्या भरा, वर आणखी थोडं फेटलेलं अंडं, त्यावर उंड्याचा सुका चुरा. ओव्हन 200 अंशांवर आधी तापवून 20 मिनिटं. ओव्हन नसेल तर तव्यावर तेल तापवून भरलेली बाजू खाली ठेवा, मध्यम आच, 4–5 मिनिटं. कड सोनेरी होऊन आपोआप सुटेपर्यंत कालथा लावू नका.

आगशी
वांग्याबद्दल थोडं. आगशीच्या वांग्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, म्हणून त्या नावाखाली कुठलंही जांभळं वांगं विकलं जातं. एकाच आकाराची दोन हातांत घ्या आणि हलकं निवडा, जडात बिया जास्त. देठाची टोपी हिरवी आणि टवटवीत हवी. अंगठ्याने दाबलं की खळगा पडून लगेच भरून यावा. बियांचं वांगं उकडल्यावर कडवट होतं आणि सारणात ते लपत नाही.

पणजी
सुंगटं कच्चीच भरून भाजली तर? मऊ राहतील असं वाटलं होतं. उलट सारणात पाणी सुटलं आणि सुंगटं रबरासारखी झाली.

फोंडा
@पणजी, दोन्ही गोष्टींचं मूळ उष्णतेत आहे. सुंगटाचं मांस तापलं की आकसतं आणि आतलं पाणी बाहेर टाकतं. कढईत ते पाणी तिथेच आटून जातं, वांग्याच्या वाटीत त्याला वाट नाही. शिवाय वाटीचा मधला भाग तापायला वेळ लागतो, तोवर कडेची सुंगटं जास्त शिजतात. कढईत तुकडा अर्धगोल वळून गुलाबी झाला की थांबा. गच्च वेटोळं झालं म्हणजे वेळ टळली.

विनाग्र (व्हिनेगर) घालायचं असेल तर तेही गॅस बंद केल्यावर, एक चमचा पुरे. कच्च्या सुंगटांना आंबटात भिजत ठेवलं की आम्लाने मांस आधीच घट्ट होतं, पुन्हा शिजवल्यावर चामट लागतं. रेशाद (लाल मिरचीचा आंबट) मसाला वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, त्यात विनाग्र असतंच. तो आधी कांद्याबरोबर तेलात परता, मग सुंगटं.

आणि मिळाली तर मानशीवरची (खाडीकाठच्या बांधातल्या पाण्याच्या दारापाशी पकडलेली) सुंगटं घ्या. आकाराने लहान, पण गोडी वेगळीच. सारणाला मोठी टायगर लागत नाहीत.

म्हापसा
भोपळी मिरची : मध्यम आकाराच्या सहा. टोपी कापून बिया काढा, उकळत्या पाण्यात 2 मिनिटं, लगेच थंड पाण्यात, मग पालथ्या. सारणात पावाऐवजी अर्धी वाटी मोकळा भात घाला, राहिलेला ओलावा तो ओढून घेतो. तीन-चतुर्थांशच भरा, भात फुगतो. मिरच्या एकमेकींना टेकतील अशा लहान भांड्यात उभ्या ठेवा, नाहीतर कलंडतात. टोमॅटोत हेच करू नका, इतका रस सुटतो की भात पुरत नाही.

काणकोण
1 जून ते 31 जुलै मासेमारीच्या यांत्रिक होड्या बंद, तेव्हा आमच्याकडे सुकी सुंगटं आणि दोडकी. कोवळी दोडकी दोन, शिरा खरवडून दोन-दोन इंचांचे तुकडे, एका टोकाकडून चीर द्यायची, आरपार नाही. सुकी सुंगटं 50 ग्रॅम. डोकी-शेपट्या खुडून मंद आचेवर 5 मिनिटं भाजा. बोटाने दाबल्यावर कुरकुरून मोडली की झाली. मग चाळा, तळाशी उरलेली रेती दिसेल. पटकन एकदा धुऊन निथळा, भिजत ठेवू नका, वास पाण्यात जातो.

पाऊण वाटी ओलं खोबरं, सहा काश्मिरी मिरच्या, चिंचेचं बुटुक, हळद हे पाणी न घालता भरड वाटा. त्यात चिरलेला कांदा आणि सुंगटं. मीठ चव पाहून, सुक्या सुंगटांत आधीच असतं. हे सारण चिरांत भरून खोबरेल तेलात तुकडे बसवा, पाच-सहा तिरफळं ठेचून (आतल्या काळ्या बिया काढून) वर टाका. पहिली 5 मिनिटं झाकण, पुढची 10 उघडं. दोडक्याला भरपूर पाणी सुटतं, झाकण ठेवलंत तर रस्सा होईल. कारली घेतलीत तर आधी अर्धा तास मीठ लावून पिळा.

पणजी
पाहुणे दुपारी येणार. आदल्या रात्री भरून ठेवलं तर चालेल का?

मडगाव
@पणजी, भरून नको, वाटीचा ओलावा रात्रभर सारणात उतरतो. सारण अंड्याशिवाय करून, गार झाल्यावर डब्यात घालून फ्रिजमध्ये. वाट्या वेगळ्या, फडक्यावर पालथ्या. सकाळी अंडं मिसळून भरा. सारण थंड असल्याने ओव्हनमध्ये 20 ऐवजी 28–30 मिनिटं द्या आणि चुरा शेवटच्या 10 मिनिटांतच पसरा, नाहीतर आत गरम होण्याआधी तो करपतो.