दादा सुट्टीवर आलाय पण झोपतच नाही, काय करावं?

माझा दादा फौजेत आहे. २०२५ च्या मे मध्ये पूंछकडे गोळाबारी झाली तेव्हा तो तिकडच्याच एका पोस्टवर होता, त्यानंतर ही दुसरी सुट्टी. पलंगावर झोपत नाही, पडवीत चटई टाकतो, रात्री अडीचला उठून मागच्या दाराची कडी बघतो मग गोठ्याची मग परत पुढच्या दाराची. परवा वाढदिवसाला फुगा फुटला तर चार वर्षांच्या पोरीला धरून खाली पाडलं आणि स्वतः तिच्यावर आडवा. नंतर अर्धा तास पायरीवर बसला, कुणाशी शब्द नाही. आई म्हणते नजर लागलीय, बाबा म्हणतात फौजीला काय होतंय. वहिनी नुसती रडते. डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातो.

गावकरी_११: लोड घेऊ नका, हल्ली सगळ्यालाच डिप्रेशन म्हणतात. शेतात कामाला लावा.

रिटायर्ड_सुभेदार: गावकरी, शेतातच होतो की मी. ९९ ला कारगिलच्या लढाईत द्रासला होतो, त्या दिवाळीला फटाके सुरू झाले की उसात जाऊन बसायचो, बायको डबा आणून द्यायची, विचारायची काहीच नाही. ताई, तो डॉक्टरला का टाळतो सांगू? मेडिकल कॅटेगरी. शेप-वन म्हणजे फौजेत पूर्ण फिट, त्यातला पहिला एस म्हणजे डोकं, तो खाली गेला की प्रमोशन अडकतं ही भीती प्रत्येकाला, आणि ती अगदीच खोटी पण नाही. मी त्यापायी आठ वर्षं लपवलं, कँटीनच्या रमवर झोपायचो, पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. पेन्शनीत आल्यावर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून उपचार घेतले. आधी घ्यायला हवे होते. त्याला 'काय झालं तिकडं' असं विचारू नका, सोबत चहा घेऊन बसा फक्त.

नर्स_पुणे: महिन्याच्या वर असं चाललं तर पीटीएसडी (भयंकर प्रसंगानंतर मनाला होणारा आजार) तपासायलाच हवं, त्यावर गोळ्या आहेत, आठवणींवर हळूहळू काम करणारी थेरपी आहे, माणूस सुधारतो. थेट हॉस्पिटल नको म्हणत असेल तर १४४१६ वर फोन, टेली मानस, सरकारची मनाच्या आजारांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये फौजींसाठी पुण्यात एएफएमसी, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, टेली मानसचा वेगळा सेल पण सुरू झाला. वहिनींनी पण स्वतःसाठी फोन करावा. झोपेतून उठवताना हलवू नका, लांबून नाव घ्या. आणि मरणाचं काही बोलला तर वाट बघू नका, त्याच रात्री जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला किंवा सिव्हिलला न्या, फवारणीचं औषध कुलपात ठेवा.

मूळ धागा: फवारणीचं आजच हलवलं. वहिनीने दुपारी फोन लावला, वीस मिनिटं बोलली. दादाला सुभेदार काकांचं वाचून दाखवलं, मला वाटलं चिडेल. म्हणाला, उसात? मग बराच वेळाने, कुठली बटालियन विचार त्यांना.