मदत हवी आहे: जैसलमेर-तनोट रस्त्यावर रात्री साप शोधता येतात का?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी आणि एक मित्र जैसलमेरला निघालोय. किल्ला, हवेल्या, उंट हे सगळं घरच्यांबरोबर आधीच करून झालंय. या खेपेला फक्त साप. दोघंही गावात सर्पमित्र म्हणून कॉल घेतो, त्यामुळे 'कशाला जिवाशी खेळ' छाप प्रतिसाद नसले तरी चालेल.

बेत असा आहे. पाऊस सरल्यावर तिकडच्या रात्री उबदार असतात, उंदीर-सरडे मुबलक असतात आणि दिवस मावळल्यावरही डांबर बराच वेळ ऊब धरून राहतं. अशा रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगाने, हेडलाइटच्या उजेडात बघत जायचं. दिसला की उतरायचं, फोटो, आणि गाडीखाली येणार नाही अशा बेताने त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायचं. रामगढ ते तनोट आणि पुढे लोंगेवाला हा पट्टा नकाशावर बघूनच हात शिवशिवतायत. दोन्ही बाजूंना वाळू, रहदारी जवळपास नाहीच.

बघायचंय काय, तर एक म्हणजे वाळवंटातलं फुरसं. आपल्या कोकणातलं फुरसं जेमतेम फूटभर. ही 'सोचुरेकी' उपजात दीड-दोन फुटांपर्यंत जाते. दुसरी सिंध मण्यार. तिसरा लिटोरिंकस, ज्याच्या नाकावरचं खवलं फावड्यासारखं पुढे आलेलं असतं. वाळूत राहणारा, रात्री पाली शोधत फिरणारा, बिनविषारी. खरं सांगायचं तर सगळा आटापिटा याच्यासाठीच.

अडचण सापांची नाही, हद्दीची आहे. सीमेजवळच्या गावांत बाहेरच्या माणसाला एसडीएमची (म्हणजे आपल्याकडच्या प्रांताधिकाऱ्याची) परवानगी लागते असं ऐकलंय. ती भारतीयांनाही लागते का, आणि अर्जात कारण काय लिहायचं? 'साप बघायला' लिहिलं तर साहेब हसतील की हाकलतील? दुसरं, मांडुळाच्या तस्करीमुळे रात्री टॉर्च आणि साप उचलायचा हुक घेऊन फिरणाऱ्याकडे पोलीस कोणत्या नजरेने बघतात हे इथल्या सर्पमित्रांना सांगायला नको. आणि चावलाच तर? तनोट ते जैसलमेर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, मधे फोनला रेंज मिळेलच असं नाही. कुणी केलंय का हे?

प्रतिसाद १

अंधारात गाडी थांबवून टॉर्च मारणारे दोन इसम, सीमेपासून हाकेच्या अंतरावर. धाग्याचा पुढचा भाग कोठडीतून लिहिणार का? :))

प्रतिसाद २

थट्टा सोडा, पण मुद्दा बरोबर आहे. तनोटमातेच्या दर्शनाला आणि लोंगेवाल्याचं युद्धस्मारक बघायला दिवसा कुणीही जातं. रात्रीचं गणित वेगळं. सीमेलगतच्या पट्ट्यात अंधार पडल्यावर फिरायला बंदी करणारे आदेश जिल्हाधिकारी वेळोवेळी काढतात. परवानगीचा नियम भारतीयांनाही आहे, कुठल्या गावांना लागू ते जैसलमेरच्या एसडीएम कार्यालयात विचारा आणि कारण खरं तेच लिहा. ड्रोन न्यायचा नाही, सॅटेलाइट फोन तर परवान्याशिवाय देशात कुठेच चालत नाही.

आता मला कळत नाही ते हे, की तारेच्या कुंपणापर्यंत जायचंच कशाला? तुमच्या यादीतल्या सापांना वाळू हवी, सीमा नको. जैसलमेरजवळच्या खुरी गावाच्या बाजूला ओळखीच्या ढाणीवर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मुक्काम करा आणि रात्रीचा हट्ट सोडून पहाटे माग काढा. उजाडताना, वारा सुटायच्या आत, टेकाडाच्या उताराला जायचं. ऊन तिरपं असतं, तेव्हा बारीक रेघसुद्धा सावली धरते. फुरसं आडवं चालतं, त्यामुळे त्याच्या खुणा एकमेकींपासून सुटलेल्या, तिरक्या आणि टोकाला किंचित वळलेल्या असतात. धामणीच्या जातीचा चपळ साप सलग नागमोडी रेघ काढतो आणि प्रत्येक वळणाच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा छोटा ढीग लोटतो. मांडुळाची रेघ रुंद आणि जवळजवळ सरळ. माग झुडपाच्या बुंध्याशी संपला की तिथे हात घालायचा नाही. फुरसं वाळूत अंग पुरून नुसते डोळे वर ठेवून बसलेलं असतं. अंगावरची खवली घासून करकर केली तर नशीब, नाहीतर कळतही नाही.

चावण्याचं विचारलंत ते बरं केलंत. आपल्याकडचं सर्पविषरोधक नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूत काढलेलं असतं. राजस्थानच्या फुरश्यावर त्याचा जोर कमी पडतो, म्हणजे कुप्या जास्त लागू शकतात. सिंध मण्यार तर त्या चौघांत नाहीच. तिकडे तिला 'पीवणा' म्हणतात आणि ती छातीवर बसून श्वास पिते अशी समजूत आहे. समजूत खोटी, पण त्यामागचं निरीक्षण पक्कं आहे: जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत फारसं नाही, आणि श्वासाचे स्नायू लुळे पडून माणूस जातो. तुम्ही दोघं खाटेवर झोपा, पायात उंच बूट घाला आणि जैसलमेरच्या सरकारी दवाखान्यात आधीच साठ्याची चौकशी करून ठेवा.

हुक घरी ठेवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विनापरवाना साप पकडणं हा गुन्हा आहे, आणि गावातला सर्पमित्र तिथे नुसता पर्यटक असतो. गाडीत हुक आणि पोतं सापडलं तर मांडुळाचा संशय येणारच.

धागाकर्ता

मागाचं डोक्यातच नव्हतं, आभार. हुक बॅगेतून काढला. पण लिटोरिंकस निशाचर, तो पहाटे दिसायचा कसा? आणि डेझर्ट नॅशनल पार्कात रात्री सोडतात का?

प्रतिसाद २

पार्कात रात्री नाही. दिवसाचं परमिट जैसलमेरला वनखात्याच्या ऑफिसात मिळतं, तिथे माळढोकामुळे कडक असतात, रस्ता सोडू नका. लिटोरिंकससाठी ढाणीच्या मालकाला विचारून त्याच्याच शेताच्या बांधावर अंधार पडल्यावर पायी फिरा. मालक किंवा त्याचा मुलगा बरोबर हवाच, म्हणजे गावात चर्चा होत नाही. बारीक, पेन्सिलीएवढी रेघ दिसली की तिच्या कडेकडेने चाला, तिच्यावरून नको.