नीटच्या घाईत बायोलॉजीचं प्रॅक्टिकल वाया जातंय का?

बायोवाल्या मॅडम (दादर)
मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि माझं मत पक्कं आहे: अकरावी-बारावीला बायोलॉजी घेतलं, तर प्रॅक्टिकल स्वतःच्या हाताने करायलाच हवं. इंटिग्रेटेडवाली, म्हणजे कॉलेज आणि नीटचा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) क्लास एकत्र घेतलेली मुलं वर्षभर क्लासला असतात आणि कॉलेजात येतात ती जर्नलवर सही घ्यायला. जर्नलही मागच्या बॅचचं बघून उतरवलेलं. बोर्डाच्या ३० मार्कांची सोय होते, पण विषय कळायचा राहून जातो.

पेशीविभाजन बघायचं साधं कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल घ्या. टोकाचा दोन-तीन मिलिमीटर तुकडा अ‍ॅसिडमध्ये मऊ करायचा, अ‍ॅसिटोकारमाइनने रंगवायचा, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने दाबायचा. पुस्तकात विभाजनाच्या अवस्थांची, प्रोफेज ते टेलोफेज अशी चार चित्रं शेजारीशेजारी, सारख्याच आकाराची असतात. मायक्रोस्कोपखाली मात्र बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, आणि विभाजन होत असलेली पेशी शोधावी लागते. मुलं घाबरून विचारतात, "मॅडम, स्लाइड चुकली का?" चुकलेली नसते. जी अवस्था जास्त वेळ टिकते तिच्यातल्या पेशी जास्त दिसणारच. माणसाच्या पेशीचं चक्र साधारण २४ तासांचं, त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचं. हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याला ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

डोंबिवलीकर बाबा
मॅडम, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे, पण आमची बाजूही ऐका. नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे. १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यात ९० बायोलॉजीचे. फिजिक्सला वेळ उरवायचा तर हे ९० पाऊण तासात उरकावे लागतात, म्हणजे एका प्रश्नाला अर्धं मिनिट. एनसीईआरटीची ओळन् ओळ तोंडपाठ नसेल तर ते जमत नाही. चुकलं की एक मार्क जातो तो वेगळाच. मुलगी सकाळच्या गर्दीच्या लोकलने निघते, क्लास करून रात्री घरी येते. यात कांदा कधी कापायचा? सरकारी कॉलेज मिळालं नाही तर खाजगीची फी आम्हाला झेपणारी नाही. आधी सीट मिळू दे, मायक्रोस्कोप एमबीबीएसला आहेच.

परळची एमबीबीएसवाली
काका, तो मायक्रोस्कोप पहिल्याच वर्षी समोर येतो. हिस्टॉलॉजीच्या (शरीरातल्या ऊतींच्या) स्लाइड ओळखायच्या असतात आणि आमच्या बॅचमधल्या कित्येकांना फोकस करता येत नव्हता. नीटला उत्तम मार्क घेतलेली मुलं ही. शिवाय बायोलॉजी घेणारं प्रत्येक मूल डॉक्टर होत नाही. ज्यांना सीट मिळत नाही, त्यांच्या हातात दोन वर्षांच्या घोकंपट्टीतून काय उरतं?

मुलुंडचा पीसीबी
मी आत्ता बारावीला आहे. आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल होतात, पण एका मायक्रोस्कोपला सात-आठ जण. सर फोकस करून देतात, आपण डोळा लावायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. एवढ्यासाठी क्लासची टेस्ट बुडवायची का? मी तर बाबांच्या बाजूने.

बायोवाल्या मॅडम (दादर)
मुलुंडकर, तक्रार अगदी रास्त आहे, पण त्यावर उपाय छोट्या बॅच हा आहे. प्रॅक्टिकलच सोडून देणं हा कसा होईल? आणि सगळ्याला मायक्रोस्कोप लागतोच असं नाही. क्षारसहिष्णू, म्हणजे खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या वनस्पती पाठ करता ना? ऐरोलीच्या खाडीकडे जाऊन तिवराचं पान उलटून बघ. मीठ बोटाला लागतं, आणि चिखलातून वर आलेली श्वसनमुळं समोरच दिसतात. मुलुंडहून फार लांबही नाही.

बाबा, सीटची काळजी मलाही कळते. म्हणून रोज लॅबला पाठवा असं म्हणतच नाही. महिन्याचे दोन शनिवार मागते, तेही फक्त अकरावीत.

डोंबिवलीकर बाबा
शनिवारी क्लासची टेस्ट असते, मॅडम. रविवारी लॅब उघडणार असाल तर मी स्वतः सोडायला येईन.