मदत हवी आहे: लग्नाच्या कॅसेटमध्ये कोणी हललं की कंगव्यासारख्या रेषा

शमिका: आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून पेनड्राइव्हवर करून आणली. कोणी हललं की कडेला कंगव्याचे दात दिसतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस (अशा रेषा घालवायचा फिल्टर) लावून तीनदा काढलं, फरक शून्य. रविवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, लवकर सांगा.

रिळवाला: चित्राची मापं? व्हीएलसीत कोडेकची माहिती उघडून बघा.

नादखुळा: एआयने ४के करून टाका! मी मुंजीचं केलं, रंग काय उठलेत!

रिळवाला: रेषांसकट मोठं केलं तर रेषाही मोठ्या होतील. आधी मापं.

शमिका: १४४० बाय १०८०, एमपी४.

रिळवाला: मग घोळ तिथेच झालाय. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ५७६ ओळींचं. सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं: एकात विषम ओळी, पुढच्यात सम. दुकानात ती फील्ड वेगळी न करताच चित्र १०८० ला ताणलंय. दात शेजारच्या ओळींत मिसळले, आता कुठलाच फिल्टर ते नीट सोडवणार नाही. मूळ कॅप्चर मागा.

चिपळूणकरीण: कॅसेट उभी ठेवता ना? आमच्याकडे पावसाळ्यात टेपला पांढरी बुरशी आली, दोन कॅसेटी गेल्या.

शमिका: मूळ फाइल मिळाली! डीव्ही या डिजिटल व्हिडिओ पद्धतीतली एव्हीआय फाइल, ७२० बाय ५७६, तासाला १३ जीबी.

जुना संकलक: आता रेषा घालवायला क्यूटीजीएमसी हाच फिल्टर लावा. यादिफ या साध्या फिल्टरने साडीचे काठ थरथरतात.

रिळवाला: नवख्या माणसाला ते बसवायलाच दोन दिवस जातील. रविवारपुरतं बीडब्ल्यूडिफ फिल्टर पुरे.

जुना संकलक: आयुष्यात एकदाच करायचं काम आहे, पुरे कसं म्हणता?

नादखुळा: टॉप फील्ड (सर्वात वरच्या ओळीपासूनचं) आधी ठेवा, डीव्हीडीत बहुतेक तेच असतं.

शमिका: बीडब्ल्यूडिफ लावलं, टॉप आधी. रेषा गेल्या, पण अंतरपाट खाली येताना पुढे-मागे झटके खातोय!

रिळवाला: ही डीव्हीडी नाही, डीव्ही आहे. डीव्हीत बॉटम फील्ड आधी. क्रम उलटा लागला की हालचाल एक पाऊल पुढे, एक मागे जाते. आणि २५ नको, ५० फ्रेम काढा. प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते, निम्मी हालचाल वाया जात नाही.

शमिका: झालं! अंतरपाट सरसर खाली आला आणि आजी अक्षता टाकताना दिसली, हात स्वच्छ. तिचा हलता फोटो आमच्याकडे एवढाच आहे. शालूच्या काठावर मात्र थरथर आहे. संकलकदादा, क्यूटीजीएमसी बसवायला सुरुवात कुठून करू?